मुलाची नदी बघायला

रविवार, ३१ ऑगस्ट

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्ट सांभाळायचो तेव्हा रोज नोंदी लिहायचो. निवृत्तीनंतर लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आता घडणार असं दिसतंय, म्हणून ही वही काढली.

मला राफ्टिंगला जायचं आहे. मला पोहता येत नाही.

आमच्यात मुलगी देण्याआधी मुलाच्या शेताचा बांध फिरून बघायची पद्धत आहे. चारी बाजूंनी, पायी. लंकाबाईच्या वडलांनी आमचा बांध फिरून बघितला आणि "दगड लय हायेत" म्हणून सुस्कारा सोडला, तरी मुलगी दिली. आता आमच्या निकितासाठी जो हर्षल सांगून आलाय, तो शेती करत नाही. तो लोकांना रबरी राफ्टमध्ये बसवून पार नावाच्या नदीतून नेतो, सुरगाण्याच्या जंगलातून थेट गुजरातच्या हद्दीपर्यंत. चार दिवस लागतात. लोक हौसेने येतात म्हणे.

मी म्हटलं, याचा बांध कुठे फिरणार? झालं, विषय संपला, असं मला वाटलं. पण लंकाबाईचा भाऊ नवनाथ गौरींच्या जेवणाचं ठरवायला आलेला होता. दिंडोरीला त्याची द्राक्षबाग आहे आणि प्रत्येक गोष्टीत मत आहे. तो म्हणाला, "दाजी, त्याचं शेत म्हणजी नदीच ना? मग नदी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची. बघितल्याशिवाय मुलगी द्यायची नाय."

निकिता लगेच म्हणाली, "बरोबर आहे मामाचं." एरवी ती मामाचं एक ऐकत नाही.

माझं मन स्वच्छ आहे. मुलगा चांगला निघाला तर मला आनंदच आहे. आधीच्या स्थळांत एकाचे कान फार मोठे होते, दुसरा कारण नसताना हसायचा, त्याला मी काय करू? माझं म्हणणं एवढंच की घाई नको. पुढच्या सोमवारी पितृपक्ष लागतोय. पितृपक्षात सुपारी फुटत नाही. मग नवरात्र, मग दिवाळी, मग निकिताच्या कंपनीत ऑडिट असतं. उन्हाळ्यात निवांत बघू.

बुधवार, ३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती बोळवले, आज नदीवर. पाणी तपकिरी, भरपूर आणि घाईत. हर्षलने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. नमस्कार ठीक होता, पण फार पटकन उठला.

हर्षलला वडील नाहीत. त्याच्या बाजूचा शब्द चुलत्यांचा, देवरामतात्यांचा. तेही आलेत. डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवर हेल्मेट. हेल्मेट डोक्यावर टेकत नाही, पण टोपी काढायला तयार नाहीत. सामानाची राफ्ट वेगळी आहे. ती झिपरू एकटा चालवतो. तो इथल्याच पाड्यावरचा, हर्षलच्या कामात पहिल्यापासून आहे.

बसण्यावरून दुपार झाली. राफ्टच्या तोंडाशी दोन जागा असतात. हर्षल म्हणाला, पुढे दमाची माणसं हवीत. नवनाथ म्हणाला, "दमाचं नंतर बघू. मामाचा मान पुढं." मुलीचा मामा पुढे बसल्यावर मुलाचे चुलते मागे कसे बसतील? तेही पुढे. दोघेही अंगाने भरलेले, त्यामुळे राफ्टचं तोंड पाण्यात आणि बूड हवेत. त्या बुडावर हर्षल, तिथून तो राफ्ट हाकणार. मधे मी आणि लंकाबाई. सगळ्यात मागे, हर्षलला लागून एक अडचणीची जागा उरली, ती निकिताला घ्यावी लागली. पोरीने कुरकुर केली नाही.

मग लंकाबाईने नदीची ओटी भरली. नदीला नेसवायचं पातळ लगेच वाहून गेलं, ते खाली झिपरूच्या राफ्टला गुंडाळलं गेलं. तो साडी नेसलेल्या राफ्टमधून पुढे निघून गेला.

हर्षल सूचना समजावून सांगत होता. फॉरवर्ड म्हटलं की पुढे वल्हवायचं, बॅक म्हटलं की मागे, स्टॉप म्हटलं की थांबायचं. तात्या तेवढ्यापुरते लांब जाऊन उभे राहिले. पुतण्याने चुलत्याला शिकवायचं हे चारचौघांत बरं दिसत नाही म्हणे. मला त्यांचं पटलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

आज पहिला रॅपिड लागला. रॅपिड म्हणजे जिथे नदी उकळते.

हर्षल मागून म्हणाला, "मामा, आपली हरकत नसेल तर, म्हणजे आपल्याला जमण्यासारखं असेल तर, डाव्या बाजूनं थोडं जोरात..."

क्रियापद यायच्या आत खडक आला. आम्ही त्यावर चढून बसलो, राफ्टसकट.

पोराची अडचण मला कळते. तो स्थळ म्हणून आलेला आहे. अजून काही ठरलेलं नाही. मुलीच्या मामाला "मारा" कसं म्हणणार? म्हणाला असता तर मीच तिथल्या तिथे नकार दिला असता. मुलगा संस्कारी आहे, हे मान्य करतो. खडकावर बसूनच मान्य केलं.

तात्यांचं वेगळंच. ते सतत मागे वल्हवतात. आम्ही पुढे, ते मागे. त्यामुळे राफ्ट गोल फिरते. आज मी सुरगाणा तालुक्याचे सगळे डोंगर चारी बाजूंनी बघितले. नवनाथने आडून विचारलं तर तात्या म्हणाले, "गाडी म्हटली की ब्रेक पायजे का नको? ब्रेक मी सांभाळतो, तुमचं चालू द्या."

आता त्यांना कोण सांगणार? आम्ही मुलीकडचे, आमची जीभ धजत नाही. हर्षल पुतण्या. निकिता झालीच तर उद्याची सून. नदी सोडली तर तात्यांना ओरडणारं इथे कोणी नाही.

शेवटी तोडगा मीच काढला. कंट्रोल रूममध्ये मोठ्या साहेबाला थेट सांगता येत नसेल तर मधे एक माणूस ठेवायचा, म्हणजे निरोपही पोचतो आणि मानही राहतो. घरच्या पोरीने बापाला आणि मामाला ओरडलेलं चालतं, त्याला कुठे बंदी आहे? म्हणून हर्षलने निकिताच्या कानात सांगायचं आणि निकिताने आमच्यावर ओरडायचं. लगेच गुण आला. "पप्पा, ओढा ना! मामा, झोपलास काय!" आम्ही ओढलं. दुसरा रॅपिड पार झाला. गोल फिरत झाला, पण झाला.

निकिता आणि हर्षल दोघांनी माझ्या कल्पनेचं फार कौतुक केलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

पद्धत उत्तम चालू आहे. हर्षल तिच्या कानात बराच वेळ सांगतो, ती मान हलवते, कधी हसते, आणि मग ओरडते, "बॅक!" एवढ्या लांबलचक निरोपातून नेमका एक शब्द काढते. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेली. संथ पाण्यावरसुद्धा त्याचं सांगणं चालूच असतं. मी विचारलं तर म्हणाली, पुढच्या पाण्याची तयारी.

दुपारी काठावर नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं, इकडचं घट्ट कालवण. झिपरू आमच्या आधीच पोचून जेवून पडला होता. कपाळावरचं हेल्मेट वर करून म्हणाला, "तुमची नाव अशी गोल गोल का फिरते वो?"

नवनाथ म्हणाला, "आमच्यात मानाची माणसं बसलेत ना."

"हां," झिपरू म्हणाला. "माझ्यात सामान हाय. ते काय बोलत नाय." आणि पुन्हा आडवा झाला.

संध्याकाळी तंबूसमोर तात्यांनी विषय काढला. ते सरळ बोलतात, पाण्याबाहेर. "सावळीराम, नदी बघितली, पोरगा बघितला. सोमवारी पितृपक्ष लागतोय. त्याच्या आत हो म्हना, न्हाईतर तसं सांगा. चांदवडची मानसं दारात थांबलेत आमच्या. मी तिकडं शब्द देऊन टाकतो."

नवनाथने खिशातून सुपारीची पुडी अर्धी बाहेर काढली. मी म्हणालो, नदी अजून संपलेली नाही, अर्धा बांध फिरून कोणी निर्णय घेतो का? त्याने पुडी आत ठेवली.

निकिता जेवली नाही. घसा बसलाय म्हणाली. माझ्याजवळ येऊन बसली आणि त्याच बसलेल्या आवाजात म्हणाली, "पप्पा, त्याच्यात वाईट काय दिसलं तुम्हाला?"

मी म्हणालो, "वाईट असं काही नाही."

"मग?"

"मग काय, बघू."

"मला तो आवडतो, पप्पा. मी तुम्हाला हे आधी पण सांगितलंय."

सांगितलं असेल. मी म्हणालो, बघू. ती उठून गेली. लंकाबाई म्हणाली, "पोरीला म्हातारी करून देनार का?" मुलगी देणं म्हणजे काय खेळ आहे का? तिच्याशिवाय घरात टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून ओरडणारं कोण आहे? हा काही मुद्दा नाही, उगीच लिहिला.

शनिवार, ६ सप्टेंबर

हात दुखतोय. तरी सगळं लिहून ठेवतो.

सकाळी पाणी चढलेलं. वर कुठेतरी जोरात पाऊस झाला असावा. निकिता उठली ती मुकीच. घशातून नुसती हवा येत होती.

थोडं पुढे गेल्यावर हर्षलने दोन्ही राफ्ट एका वाळूच्या पट्ट्याला लावल्या. दोन्हीकडे उभे कडे, चालत जायला वाट नाही. पुढच्या वळणावरून आवाज येत होता, एकलहऱ्याला बॉयलरची वाफ सोडायचे तसा. हर्षल म्हणाला, "हा शेवटचा रॅपिड. इथे मी सांगेन ते त्याच क्षणी व्हायला पाहिजे. आणि निकिताचा आवाज गेलाय."

मी म्हणालो, तू थोडं लवकर बोलायला सुरुवात कर. तो म्हणाला, "काका, कितीही लवकर सुरुवात केली तरी आपण, कृपया आणि हरकत नसेल तर, एवढं म्हणेपर्यंत आपण उलटलेलो असू."

"तू सरळ ओरड की," झिपरू म्हणाला.

"कसा ओरडू? मामा आहेत, काका आहेत. अजून काही ठरलेलं नाही."

तेव्हा लंकाबाईला सुचलं. ती म्हणाली, "जावयाचा शब्द कोनी मोडतं का आपल्यात? सुपारी फोडा. मंग तो जावई झाला. मंग त्यानं काय बी म्हनू दे, ऐकायचं."

यात चूक काढायला मला जागाच दिसली नाही. मी बरीच शोधली. पितृपक्ष सोमवारी, आज शनिवार. नवनाथने पुडी काढली. तात्या म्हणाले, आमची ना नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, झिपरूसुद्धा.

मी निकिताला विचारलं, "तुला चालेल?" तिने इतक्या जोरात मान हलवली की हेल्मेट नाकावर आलं. ते वर करायला मी हात पुढे केला, तोवर हर्षलने केलं होतं.

मी म्हणालो, "फोडा."

नवनाथने नदीतला गोटा घेऊन खडकावर सुपारी फोडली. एक तुकडा पाण्यात गेला, तो नदीचा मान धरला. ग्लुकोजच्या भिजक्या बिस्किटाने तोंड गोड केलं. झिपरूने दोन घेतली. मला बिस्किट गिळवेना, पण ते बिस्किट ओलं होतं म्हणून.

आणि निघालो. रॅपिडच्या तोंडाशी हर्षलने तोंड उघडलं, "काका, आपली..." लंकाबाई मागे वळून म्हणाली, "जावईबापू, ओरडा!"

मग तो ओरडला. तीन दिवसांचं साचलेलं होतं. "मारा! मारा म्हणतोय ना! मामा, हात मोडलाय का! ओ काका, देवपूजा करताय का, पाण्यात घाला ते वल्हं!" एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. आणि आम्ही मारलं. नवनाथ तर रडत होता आणि मारत होता. राफ्ट पहिल्यांदाच सरळ चालली.

फक्त तात्या. सुपारीने हर्षल आमचा जावई झाला, त्यांचा पुतण्या तो पुतण्याच. त्यांना हुकूम लागू नाही. पाणी जिथे सगळ्यात उंच होतं तिथे त्यांनी पूर्ण ताकदीने ब्रेक लावला. राफ्ट थांबली नाही. तात्या गेले.

मला दिसलं ते हेल्मेट, त्याखाली टोपी, त्याखाली उघडं तोंड. मी कसा काय वाकलो माहीत नाही. हात गेला तो थेट त्यांच्या गळ्याशी. जॅकेटचा गळा मुठीत धरला आणि ओढलं. मागून निकिताने माझा पट्टा धरला होता. तात्या पोटावर पडत राफ्टमध्ये आले. तसेच पडून राहिले. पुढे सगळं संथ पाणी होतं.

खाली काठावर जीप उभी होती. सगळे उतरले. तात्या उतरेनात. राफ्टमध्येच बसून म्हणाले, "मुलीच्या बापानं मुलाच्या चुलत्याची गचांडी धरली. चारचौघांत. असं कुठं झालंय का? सुपारी परत घ्या."

नवनाथ म्हणाला, सुपारी खाल्ली. तात्या म्हणाले, मग शब्द परत घ्या.

खरं लिहितो. मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. मी काही केलं नव्हतं. उलट माणूस वाचवला होता. मोडलं तर त्यांनी मोडलं, मला कोणी बोल लावणार नव्हतं. सोमवारी पितृपक्ष. निकिता आमच्यासोबत घरी.

मग निकिताकडे बघितलं. ती काहीतरी ओरडत होती. नुसते ओठ हलत होते, शिरा ताणलेल्या, आवाजच नाही. लहानपणी तापात असं करायची. मला बघवलं नाही.

मी राफ्टमध्ये जाऊन तात्यांशेजारी बसलो. म्हणालो, "चुकलं माझं. गळ्याला हात घालायला नको होता."

तात्या हळूच म्हणाले, "गळ्याचं काय नाय वो. भावकीत मला पट्टीचा पवनारा समजत्यात. पुरात उडी मारनारा गडी म्हनून माझं नाव हाय. आता ह्यो गडी राफ्टातून पडला, असं लग्नात सगळे म्हननार. आन तुम्ही जन्मभर सांगनार."

"मी कशाला सांगेन?"

"तुम्ही नाय तर तुमचा मेव्हणा सांगल."

हे खरं होतं. नवनाथला गप्प बसवणं शक्य नाही. त्याला काहीतरी सांगायला लागतंच. मी विचार केला आणि म्हणालो, "मी पडलो."

"आं?"

"मी पडलो तात्या. मला पोहता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही उडी मारलीत आणि मला काढलं."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "गचांडी धरून?"

"गचांडी धरून."

त्यांनी हेल्मेट काढलं, टोपी पिळली आणि पुन्हा घातली. म्हणाले, "चला मग व्याही. जीप थांबलीय."

जीपमध्ये मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो. नवनाथला आधीच दटावून ठेवलं होतं. निकिताने काठावरून आमचं बोलणं ऐकलं होतं, तिला काही सांगावं लागलं नाही. सुरगाण्याजवळ फोनला रेंज आली आणि हर्षलच्या आईचा फोन आला. निकिताचा आवाज थोडा उघडला होता. तिनेच घेतला.

"हो आई, ठरलं. आम्ही सगळे बरे आहोत. नाही, पप्पा पडले होते ना पाण्यात. जाणारच होते. आमचे तात्या होते म्हणून वाचले."

आमचे तात्या. एवढ्या सहज म्हणाली की तिला स्वतःलाही कळलं नसेल. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि मी मागे वळून मोठ्याने म्हणालो, "हो विहीणबाई, व्याही होते म्हणून वाचलो." तात्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. हर्षलने माझ्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला. पोरगा चांगला आहे. पटकन उठतो एवढंच.

रविवार, ७ सप्टेंबर

सकाळपासून नातेवाइकांचे फोन. सगळ्यांना मी कसा पडलो ते ऐकायचं आहे. पहिल्यांदा सांगताना अडखळलो, आता सराईत झालो. तात्यांच्या उडीचं वर्णन तर मी असं करतो की लंकाबाईही हातातलं काम सोडून ऐकते. नंतर म्हणते, "पुरे आता."

दुपारी चांदोरीहून माझी बहीण सिंधूबाई बोलत होती. तिला भारी चौकशा. "दादा, खरं सांग, पडला तवा काय वाटलं रे? भ्या वाटलं का?"

याचं उत्तर ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "भीती नाही ग. निकिता राफ्टमध्ये बसलेली दिसत होती. छान बसली होती. मी बाहेर होतो आणि राफ्ट पुढे चालली होती."

हे कुठून सुचलं कोण जाणे. सिंधूबाई म्हणाली, जेवलास का, आणि फोन ठेवला.